पन्नास कमी

उदगीरच्या बाजारात, पितळी कुलपांच्या ढिगाशेजारी
खाजामियानं तो पोत्यावर उघडला.
काळी पानं, मधे मधे बटरपेपर,
पहिल्या पानावर पांढऱ्या शाईत कुणा बाबूचं वळणदार अक्षर:
नायक सटवाजी गायसमुद्रे, बसरा, १९४३.

"बिल्ला दिसतो त्याचे दोनशे," तो म्हणाला,
"ट्रकवाल्याचे तीनशे. हैदराबादचं गिऱ्हाईक हाये,
निस्त्या टोप्या बघतंय, भिंगातून."
"आणि हा?"
खजुराखाली पाच जण भाकरी थापत बसलेले,
एकाच्या मनगटापर्यंत पीठ,
कॅमेऱ्याकडं बघायला लाजलेला.
"ते असंच. वर फुकट."

बायकोचा एकच. स्टुडिओतल्या
रंगवलेल्या तळ्यासमोर, खुर्चीच्या कडेला टेकलेली.
पोस्टानं पलटणीला गेला असणार,
घडी तिच्या खांद्यातून आरपार.

सातव्या पानावर नुसते चार कोपरे.
बाकी कागद विटून तपकिरी,
तेवढा चौकोन काळाभोर.
इथं अक्षर त्याचं स्वतःचं, ओळ खाली उतरत गेलेली:
पोरगी. अजून बघितली नाही.

"इथला गेलाय, म्हणून पन्नास कमी करतो."

मी पैसे मोजले, काहीच कमी न करता.
येडा समजला असेल मला.

बसमध्ये अल्बम मांडीवर. अहमदपूरच्या पुढं
रस्ता उखडलेला, पानं आतल्या आत सरकत होती.
चार कोपऱ्यांनी धरलेलं तिथं काहीच नव्हतं
आणि तेच कुठंतरी
खाकी खिशात, बटणाखाली,
घामानं ओलं होत होतं.