कापडाखालचं गवत

गवत पेत्रोनेलेकडून मागून आणलं.
आमची गाय विकली त्याला सहा वर्षं झाली,
आणि वारेनाच्या दुकानात मिळतं ते सशांसाठीचं,
पिशवीतलं, वास नसलेलं.
"किती हवं?" तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं.
कूचोसच्या संध्याकाळी माझं काम दारापर्यंतच:
भारा आणायचा, बूट झटकायचे, बाजूला व्हायचं.
पुढचं सगळं वेरूतेचं.

म्हणून पूर्ण भाराच आणला.
टेबलावर पसरून वर लिननचं पांढरं कापड घातलं
तर टेबल झालं बर्फाखालच्या बटाट्याच्या शेतासारखं,
उंचवटे, चर, मधेच एक काटकी वर आलेली.
पहिली थाळी ठेवली, कलंडली.
दुसरी ठेवली. ती जरा विचार करून कलंडली.

तिचा हात कसा फिरायचा ते आठवायला
मी डोळे मिटले, आणि आठवली तिची पाठ,
एप्रनची गाठ, एक बंद लांब, एक आखूड.
हात काही दिसेना.
चाळीस वर्षं समोर होता तो हात.

मग कापड काढलं. मूठ मूठ कमी करत गेलो.
जुलै अजून होता त्यात: क्लोव्हरची बोंडं
चहाच्या चोथ्याच्या रंगाची, पुदिन्याचं एक पान,
आणि एक नाकतोडा, वाळलेला,
पाय अजून उडीच्या तयारीत.
त्याला खिडकीत ठेवला. का, ते विचारू नका.

तीनलाच अंधारतं, त्याआधी जंगलात जाऊन आलो.
फरच्या दोन फांद्या. जुनिपरची एक,
तिनं हातमोज्यातून रक्त काढलं.
ओंडक्यावरून सोललेलं शेवाळ,
आणि बर्फ उकरून लिंगनबेरीची पानं,
हिरवीगार, जणू हिवाळा शेजारच्या गावात पडलाय.
शेवाळात मेणबत्ती रोवली, मागे सरून बघितलं. बरं दिसलं.
पाच मिनिटांत त्यातला बर्फ वितळला,
कापडावर तपकिरी डाग पसरला.
"आयर्लंड," रिमगाउदास दारातूनच म्हणाला.
तो तिथं राहतो. त्याला सगळीकडे तेच दिसतं.

रिकामी थाळी कुठं ठेवायची, यावर कुणी बोललं नाही.
मी ती चुलीजवळ मांडली,
जिथून तिला सारखं उठायला सोपं पडायचं.
पुढ्यात फरचा एक शेंडा.
तीही कलंडली. राहू दिली.

पदार्थ बारा हवेत. माझे नऊ झाले.
स्मिल्तेनं मीठ, पाणी आणि पाव वेगवेगळे मोजले
आणि आजोबाची लाज राखली.

जेवण झाल्यावर काड्या ओढायच्या,
कापडाखाली हात घालून, न बघता.
काडी लांब तर आयुष्य लांब.
स्मिल्तेची संपेचना, ओढता ओढता मेणबत्ती हलली.
माझी निघाली बोटाच्या पेराएवढी,
टोकाला एक चुरगळलेलं निळं फूल.
"फूल धरत नाहीत," मी म्हटलं.
"धरतात," ती म्हणाली. "आजपासून."

टेबल रात्रभर तसंच ठेवतात, येणाऱ्यांसाठी.
सगळे झोपल्यावर मी कापडाचं एक टोक उचललं,
काखेत मावेल एवढं गवत घेतलं
आणि पेत्रोनेलेच्या गोठ्यात गेलो. ज्याचं त्याला.
मार्गे उभीच होती. तोंड खाली घालून खाऊ लागली.
आज मध्यरात्री जनावरं बोलतात म्हणे,
आणि जो ऐकतो त्याला पुढची कूचोस दिसत नाही.
घड्याळात बाराला सात कमी होते.
तिच्या नाकातून वाफ येत होती. कान माझ्याकडे.
विचारण्यासारखं एकच होतं माझ्याजवळ.

थांबलोही असतो.
पण सकाळी खसखशीचं दूध करून देईन
असं स्मिल्तेला कबूल केलं होतं,
आणि खसखस अजून वाटायची होती.