पट्ट्यावरच्या खुणा

नौपाड्यातल्या दुकानात त्याने काउंटरवर तीन मांडले,
बस्त्याच्या साड्या मांडाव्यात तसे.

पहिला निळा, लांब, ताठ,
आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या.
गुडघ्याला एकच शब्द शिकवतो हा: नाही.
तो माझ्या पायात होताच, हॉस्पिटलातून आलेला,
तीन आठवडे झोपेतसुद्धा न काढलेला.

दुसरा काळा, मऊ, मोज्यासारखा,
वाटीसाठी मध्ये गोल खिडकी.
फरहीन मॅडम आधीच म्हणाल्या होत्या,
तो नंतर. आत्ता घातलास तर नुसती मनाची समजूत.

तिसऱ्याला दोन्ही बाजूंना बिजागरी,
बिजागरीवर तबकडी, तबकडीवर अंश,
शून्य, तीस, साठ, नव्वद, एकशेवीस.
खिळी सरकवायची,
की पाय तेवढाच वाकणार.
अकरा हजार चारशे.
दुकानदार म्हणाला, ताई, शेवटी पाय तुमचा आहे.
मला माहीत होतं पाय कोणाचा आहे.

बोनस घेऊन मी परत फिरत होते.
कुणी धरलंसुद्धा नव्हतं.
सात जणी समोर, आणि तुटलं ते असं,
कुणाचा हात न लागता,
वाळलेली शेंग फुटावी तेवढा आवाज.
हे मला अजून पटत नाही.

मांडीमागचा एक दोर काढून
डॉक्टरांनी गुडघ्यात ओवला.
म्हणाले, तुमचाच आहे, परका नाही,
पण नव्या घरात रुळायला नऊ महिने घेईल.
आई म्हणाली, मला अकरा वर्षं लागली.

घणसोलीत एकाकडे जुना होता. साडेतीन हजार.
खारेगावहून रिक्षा केली.
मागच्या सीटवर मी आडवी,
निळा पाय बाहेर,
आई कोपऱ्यात चेपलेली, मांडीवर कुबड्या.
विटाव्याच्या पुलाखाली रिक्षावाल्याने
मागच्या टेम्पोला हात दाखवून थांबवलं,
माझ्या एका पावलासाठी.

सिडकोच्या तळमजल्यावर दशरथ गोंधळी,
विजेची मीटरं वाचणारे, जिन्यावरून पडलेले,
काटकुळे, साठीला टेकलेले.
आधी चालून दाखवलं,
मग मांडी घालून बसले,
मग उठले, हात न टेकता,
आणि आतून त्यांच्या बायकोने टाळी वाजवली.
मशीनमध्ये धुऊ नका, म्हणाले. फोम हाताने, सावलीत.
तीनशे सोडले, आईने न मागता.

घरी आल्यावर दिसलं:
मांडीच्या पट्ट्यावर बॉलपेनच्या रेघा,
प्रत्येकीशेजारी तारीख,
मीटर वाचणाऱ्याचं अक्षर, बारीक आणि सरळ.
१२ फेब्रुवारी, तीस अंश.
२६ फेब्रुवारी, पट्टा सैल, आत घेतला.
९ मार्च, अजून आत.
१९ मार्चपाशी आकडा नाही,
रेघ मात्र दोनदा गिरवलेली.
तिथून पुढे रेघा बाहेर सरकू लागतात,
दाण्यादाण्याने,
एप्रिलभर, मेभर,
आणि सर्वांत बाहेरच्या रेघेवर एकच शब्द: जिना.

मी टेप घेतली.
डावी मांडी एकोणपन्नास, उजवी चव्वेचाळीस.
पाच सेंटिमीटर कुठे जातात?
रोज दोनशे बैठका मारलेल्या,
त्या कुठे जमा असतात?

पट्टा ओढला.
त्यांच्या १९ मार्चच्याही आत बसला,
बोटभर आत.

थोडा वेळ काहीच केलं नाही.
मग आईकडून दूधवाल्याच्या हिशोबाचं पेन मागितलं.
नायलॉनवर शाई धरेना,
चार वेळा ओढली तेव्हा रेघ उमटली.
तारीख घातली. नाव नाही.

खिळी साठवर ठेवली,
फरशीवर पावडर टाकली
आणि टाच मागे आणायला लागले,
इंच, अजून एक इंच,
टक.
तबकडी अडली.
पुन्हा सरळ, पुन्हा मागे, टक.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
कुणाशी बोलतेस गं?

तेव्हा कळलं, मी दम धरला होता,
ओठांतल्या ओठांत,
चढाईला जाताना धरायचे तो.