फळी

उद्यमनगरातल्या आमच्या लेथशॉपची पाटी उतरवली
त्याच आठवड्यात मी पायथन शिकायला लागलो.
वय बावन्न.
शिकवायला शाहीन, मुजावर मिस्त्रींची नात,
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
दिवाणावर लॅपटॉप, तिच्या आईनं ठेवलेला चहा,
बशीत दोन खारी.

"काका, यादी शून्यापासून मोजायची," ती म्हणाली
आणि थांबली, मी दचकेन म्हणून.
पोरी, बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?
टूल जॉबला टेकवायचा, डायल शून्यावर आणायची,
मग पहिला कट.
शाळेत शून्य म्हणजे काही नाही.
लेथवर शून्य म्हणजे इथून.

तीनपर्यंत म्हटलं की तीन येत नाही, हेही पटलं.
तावडे हॉटेलपर्यंत आलेला पाहुणा
अजून घरी आलेला नसतो.
उणे एक म्हणजे शेवटचा, हे तर आवडलंच:
रांगेत किती जण ते न मोजता
थेट मागच्याच्या खांद्यावर हात.

"आता तुमची स्वतःची यादी करा."
मी मराठीतच टाइप केलं. चालतंय म्हणाली.

फळी = ["पाना", "कानस", "पंच", "कॅलिपर"]

मिस्त्रींची फळी. हिरवा ऑइलपेंट,
प्रत्येक हत्याराभोवती त्यांच्या हातची पांढरी रेघ.
संध्याकाळी एखादी रेघ रिकामी दिसली
तर कुणी घरी जायचं नाही.
एकदा पंच सापडेना म्हणून साडेनऊपर्यंत
आम्ही सगळे बुरा चाळत बसलो होतो,
आणि पंच त्यांच्याच खिशात.

सोमवारी भंगारवाला येणार होता.
म्हणून मी आधी जुनी बाजूला ठेवली:

जुनी = फळी

आणि मग फळीवरनं एकेक बघत जा,
दिसेल ते काढून टाक, असं सांगितलं.

फळी छापली. कानस आणि कॅलिपर जागेवरच.
जुनी छापली. तीही तेवढीच.

"दोन चुका," शाहीन हसली.
"एक निघाला की मागचे सगळे एक घर पुढं सरकतात,
आणि तुम्ही तर पुढच्या घराकडं निघालेला.
मधला सुटतो."
मला दगडू अतिग्रे आठवला.
कपातीच्या दिवशी साहेब ओळीनं नावं घेत आला,
दगडू नेमका एक पाऊल सरकला.
अजून सहा वर्षं टिकला गडी.

"आणि जुनी ही वेगळी यादी नव्हेच, काका.
नाव म्हणजे डबा नव्हं, डब्यावरची चिठ्ठी.
एकाच डब्याला तुम्ही दोन चिठ्ठ्या लावल्या.
कॉपी करून ठेवायला पाहिजे होती.
आधी."

आधी.

ती दुरुस्त करायला वाकली, मग थांबली.
"आजोबांची फळी ना ही?"
मी म्हटलं, राहू दे गं तसंच.

सोमवारी दारात काटा लागला.
ढिगातनं मी कानस ओढली, कॅलिपर उचलला.
"ह्याचं किती?"
"किलोच्या दरानंच की, मामा."
सातशे ग्रॅम भरलं.
फळी कुणी मागितली नाही. कडेला वाळवी लागलेली.

आता ती आमच्या मागच्या भिंतीला आहे.
दोन रेघांत हत्यारं, दोन रेघा मोकळ्या.
बायको म्हणते, पुसा की त्या, नाहीतर
तिथं माझी किसणी अडकवा.

लॅपटॉपात कानस आता शून्यावर आलीय,
तिच्यामागं कॅलिपर.
लाकडाच्या फळीवर कुणी सरकत नाही.
संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी
मी एकदा मोजून घेतो:
शून्य, पाना. नाही.
एक, कानस. आहे.
दोन, पंच.
खिसा चाचपतो.