सहा आकडे

एकतीस तारखेनंतर हा खेळ विक्रीस नसेल,
एवढंच कळवलंय, एका ओळीत.
कारण: परवान्यांची मुदत संपली.
म्हणजे गवताला, चेंडूला, गोलच्या जाळीला
कुणाची हरकत नाही.
जर्सीवरच्या नावांचं भाडं थकलंय.

ती नावं तर आम्ही पहिल्याच रात्री पुसली होती.
राजारामपुरी, नववी गल्ली, गिरणीवरची खोली,
खालून पिठाचा उबट वास,
की-बोर्डवर इलाही मुजावर, माझ्या हातात भडंगाचा कागद.
कुठल्याशा युरोपातल्या तांबड्या संघाची
त्यानं मंगळवार पेठ केली,
निळ्यांची शिवाजी पेठ,
आणि एकेक अक्षर दाबत माणसं उतरवली मैदानात.
बॅकला दिंडोर्ल्यांचा पप्या.
विंगला सासने, जो पानपट्टीवरून हलायचा नाही,
त्याचा वेग नव्व्याण्णव.
गोलकीपर इलाही स्वतः, उंची सहा फूट चार.
‘खेळात तरी असू दे,’ म्हणाला.

मी उद्यमनगरात पॅटर्न बनवतो.
आमच्या माळ्यावर सागवानी पॅटर्न पडून आहेत,
बंद पडलेल्या कंपन्यांच्या इंजिनांचे,
रंग उडालेले, खडूनं नंबर घातलेले.
मालक दर दसऱ्याला म्हणतात, जाळून टाका, जागा अडते.
आणि दसरा झाला की कुणीतरी येतंच
गडहिंग्लजहून, पोत्यात तुटका ब्रॅकेट गुंडाळून:
‘ह्येच्यासारखा दुसरा वतून मिळंल का?’
मी शिडी लावतो.
दर वेळी सापडतो असं नाही.
पण शिडी लावता येते.

ज्यांनी विकत घेतलाय त्यांना खेळ उतरवून घेता येईल,
सध्या तरी.
‘सध्या तरी’वर मी हातोडी वाजवून बघितली,
आम्ही कास्टिंगवर वाजवतो तशी.
आत हवा आहे.

माझी डिस्क पुराच्या साली भिजली.
खेळ घेतला होता माझ्या पहिल्या बोनसमधून,
खातं मात्र इलाहीच्या नंबरवर,
कारण त्या दिवशी माझ्या फोनला चार्जिंग नव्हतं.
पुढं कॅफे काढला दोघांनी, पुढं तो बंद केला,
आणि खुर्च्यांच्या वाटणीवरून बोलणं तुटलं.
खुर्च्या आठ. चार-चार.
पण त्यातली एक मोडकी होती.
सात वर्षं झाली.

पासवर्ड टाकला. अजून चालतो.
मग पडदा म्हणाला, सहा आकडे पाठवलेत,
शेवटी एकेचाळीस असलेल्या नंबरवर.
दहा मिनिटांची मुदत.
तो नंबर मी मोबाईलमधून काढून टाकला होता,
बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं.

सात मिनिटं मी खिडकीतून
समोरच्या वेल्डिंगवाल्याचं शटर बघत बसलो.

‘बोल,’ म्हणाला. कोण, असं विचारलंच नाही.
मी एकतीस तारखेचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं,
खुर्च्यांचं सोडून सगळं सांगितलं.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली,
कुणीतरी लहान पोर अब्बा अब्बा करत होतं.
मला माहीत नव्हतं.

‘चार,’ तो म्हणाला. ‘शून्य.’ आणि थांबला.
‘गोलकीपर अजून मीच हाय का, आधी बघ.
मग फुडचं देतो.’
‘अरे, ते बघायलाच तर आकडे पाहिजेत.’
‘व्हय की,’ म्हणाला, आणि हसला नाही.
कागदावर चार, शून्य, आणि चार रिकाम्या जागा.
घड्याळात चाळीस सेकंद.

‘मग एवढं सांग,
ती मोडकी कुणाकडं गेली शेवटी?’

तिचा पाय मी तेव्हाच जोडून घेतला होता समोरून,
अजून थोडी डावीकडं कलते.
म्हटलं,
तिच्यावरच बसलोय.