निवळी

देवगडच्या जेटीवरून माझी सुरमई
थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाखाली,
रोज साडेपाचच्या एस्टीने घाट चढते.
एका गुरुवारी तेच खोकं परत आलं
गगनबावड्याची वळणं उतरून.
आत पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात
करंगळीएवढं काहीतरी, जिवंत, मिटलेलं.
कंडक्टर म्हणाला, "कोल्हापुरातून? देवगडला?"
मी सही केली. काय सांगणार.

टाकी त्याआधी दोन महिने नुसती उभी होती
बापसाची जाळी टांगायच्या त्या भिंतीशी.
धक्क्याचं पाणी चालत नाही, त्यावर डिझेलचं इंद्रधनुष्य.
म्हणून मशीनने गाळलेलं गोडं पाणी
आणि त्यात मीठ, किलोच्या भावाचं.
बापूस दारातून बघत होता.
"खारां पाणी इकत घेतलंस?"
एवढंच म्हणाला
आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पहिली राहायला आली ती मेलेली कोळंबी.
तिला कुजू द्यायचं, असंच असतं.
कुजण्यातून विष, विषातून दुसरं विष,
मग डोळ्यांना न दिसणारं कोणी येऊन
ते खायला लागतं.
मी सडण्याशी शर्यत लावून जगलेली बाई,
बर्फ, वर आणखी बर्फ, झाकण, चिकटपट्टी,
ती नळीत थेंब मोजत बसले
गुलाबी रंग फिका कधी होतो म्हणून.
एकोणचाळिसाव्या दिवशी झाला.
नंतर काचेवर तपकिरी साय धरली, नंतर हिरवे केस.
शेजारची शेवंती म्हणाली, "गटार पाळलंस गो."

प्रवाळाला चुना लागतो.
रात्री, थेंबाथेंबाने, चुन्याची निवळी.
वरचं नितळ तेवढंच घ्यायचं, तळ ढवळायचा नाही.
बापसाने आपली डबी पुढे केली.
पानाचा नाही चालत, मी म्हटलं.
"माका चलता, त्येका कित्याक नाय?"

रोज बोटभर पाणी उडून जातं.
उडतं ते गोडं. मीठ कुठेच जात नाही.
म्हणून भर घालायची ती गोड्याची, खाऱ्याची नाही,
एवढं कळायला माझा एक मासा गेला.
शेपटीला पिवळा ठिपका होता.
नाव ठेवायचं राहिलं होतं.

वैशाखात एका रात्री अकराला वीज गेली.
टेकडीवर पवनचक्क्या फिरत होत्या,
आमच्या आळीत काळोख.
पंप थांबला, आणि घरातला एक आवाज गेला
जो आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.
बॅटरी तासभर पुरली.
मग शेडमधून बर्फाच्या बाटल्या आणून सोडल्या
आणि तांब्या भरून उंचावरून ओतत राहिले,
हवा मिसळावी म्हणून. भरायचा, ओतायचा.
दोनला खांदा उतरला.
बापसाने तांब्या हातातून काढून घेतला.

चाळीस वर्षं त्याने होडीतलं पाणी
बाहेर फेकलं होतं.
मनगटाचा तोच झटका, तोच श्वास,
आता आत ओतत होता.
हळू, म्हटलं. ऐकलं नाही.
खाली फरशीवर त्याच्या पायांभोवती खारं तळं.
पावणेपाचला पंप खोकला, चालू झाला.
तरी पाच-सहा तांबे त्याने जास्तीचे घातले.

सकाळी प्रवाळ उघडला नाही.
दुपारी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी जेटीवरून आले
तर हा स्टुलावर, काचेला नाक लावून.
"गप," म्हणाला, मी काही बोललेच नव्हते.
"येक बोट भायर काढल्यान.
दुसऱ्याचो इचार करता."

मी खोकं धुवायला घेतलं.
पाच वाजून गेले होते.