अपील

माझ्या तोंडावरच्या जाळीत एकदा चेंडू अडकला होता,
नाकापासून बोटभर लांब, लाल टाके मोजता येतील असा.
सगळे हसले. मी आधी दोन्ही हात वर केले,
खेळ थांबवला, धावणाऱ्यांना एकेक तळ पुढे दिला,
आणि मगच म्हटलं, आता हा कुणी काढेल का?
नियमच आहे तसा. माझ्याआधी कुठेतरी
कुणाच्या तरी तोंडात तो अडकला असणार,
त्याशिवाय कोण लिहून ठेवतं.

पुस्तकातलं असलंच मला आवडतं.
तिसरा स्ट्राइक हुकला, बॅटर बाद;
पण कॅचरच्या हातून चेंडू निसटला
आणि पहिला तळ रिकामा असला
तर पळ, बाई, पळ, तू अजून पुरती बाद नाहीस.
किंवा पहिल्या-दुसऱ्यावर धावणारे असताना
आतल्या मैदानावर उंच उडालेला सोपा झेल:
चेंडू वरच असतो, आणि मी हात उंचावून बाद देतो.
म्हणजे मुद्दाम झेल सोडून दोघांना पकडायची सोय उरत नाही.
घरी सांगितलं तर ही म्हणाली,
लबाडी करणार फील्डर आणि बाद बॅटर?
मी म्हटलं, पोह्यांवर शेव घाल.

चिमणबागेतलं ते मात्र तिला सांगितलं नाही.

मुलींचा सामना, इंदूर आणि देवास,
शेवटचा डाव, दोन बाद, बरोबरी.
शलाका पहिल्यावर. चेंडू उजव्या कुंपणाकडे गेला
आणि ती सुटली. मी दुसऱ्या तळाशी वाकलेला.
तिचा डावा पाय पिशवीवरून गेला.
पिशवीवरून. पिशवीवर नाही.
मध्ये दोन बोटांचं ऊन होतं.

ती घरी पोचली, पोरींनी तिला उचललं.

आता अंपायरनं काही बोलायचं नसतं.
बोट नाही, भुवईसुद्धा नाही.
देवासच्या कुणीतरी चेंडू घेऊन यावं,
तळावर पाय ठेवावा, म्हणावं, हिचा लागला नव्हता.
मग मी न्यायाधीश, आणि ती धाव पुसलेली.
तोवर मी खांब.
मुदत किती, तर आतल्या मैदानातली शेवटची मुलगी
चुन्याची रेघ ओलांडेपर्यंत.

पिचर रडत गेली. तिसऱ्या तळावरची पाण्याकडे गेली.
निकहत, त्यांची शॉर्टस्टॉप, मागे राहिली,
काळ्या मातीत गुडघा टेकून लेस बांधत.
तिथून पिशवी सरळ दिसते.
डावाआधी मीच झटकलेली, पांढरी,
एक ठसा नाही तिच्यावर.

तेजकरणजी प्लेटवरून ओरडले,
"क्यों भिया, जीत गए अपन, खड़े काहे हो?"
अपन.
मी खिशातलं क्लिकर उगाच दाबत राहिलो,
चार, पाच, सहा, असला आकडा कशाचाच नसतो.

एकोणनव्वद साली, वीज मंडळात असताना,
जुन्या पलासियातल्या एका मीटरचं रीडिंग
मी एक शून्य कमी लिहिलं होतं.
घर ओळखीचं होतं. कुणी विचारायला आलं नाही.
मुदत कधी संपली मला कळलंच नाही,
तिथं चुन्याची रेघ नव्हती.

निकहतनं पिशवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
मी आभाळात घार शोधली.
तिनं दुसऱ्या बुटाची लेस सोडली,
परत बांधली, सावकाश.
मग उठली आणि गेली.

दिवे लागायच्या वेळी मी तळ गोळा करत होतो.
शलाका आली. "सर, दुसऱ्यावर माझा पाय..."
म्हटलं, स्वतःविरुद्ध अपील करायला
पुस्तकात जागा नाही.
ती गेली नाही. तिनं पिशवीचं दुसरं टोक धरलं,
आणि स्टोअरपर्यंत आम्ही दोघांनी ती नेली.
तशी ती हलकी असते.
एका हातात येते.