हंसपद

नारायण पेठेत एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर
बावीस वर्षं मी मुद्रितं तपासतो.
पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी,
अक्षर गळलं असेल तर त्या फटीत हंसपद काढायचं
आणि समासात ते अक्षर लिहायचं.
सोपं काम आहे. शेजारी मूळ प्रत असते.

मुलीचं नाव ऊर्मी. दोन्ही दीर्घ.
जन्मदाखल्यावर चुकलं होतं,
महापालिकेत दोन हेलपाटे घालून नीट करून आणलं.

मग रक्ताचा रिपोर्ट आला:
पंधराव्या गुणसूत्रावर एक तुकडा नाही.
डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने जागा दाखवली.
सवयीने मी समासाकडे पाहिलं.
तिथे प्रयोगशाळेचा फोन नंबर होता.

केतकीने त्या रात्री भांडी दोनदा घासली.

ऊर्मी हसते.
रिपोर्टात हसणंसुद्धा लक्षणांच्या यादीत आहे,
चौथ्या क्रमांकावर, 'झोप कमी' च्या वर.
चार वर्षांची झाली, शब्द एकही नाही.
पाहुणे म्हणतात, किती हसरी आहे हो,
आणि त्यांच्या हातातला चहाचा कप
मला काढून घ्यावासा वाटतो.

टिळक रोडला, औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
नसीम मॅडम बसतात. त्यांनी एक वही दिली,
तीन रकाने आखून:
तिने काय केलं. तुम्हाला काय वाटलं. कशावरून.
"शब्दांची वाट बघत बसू नका,
ती सांगत असेल आणि तुमचं लक्ष नसेल."
मला राग आला. अक्षरांवर पोट आहे माझं.

पहिल्या पानावर केतकीचं अक्षर:
पेज भरवताना तोंड फिरवलं. नको.
चमचा परत नेला, परत फिरवलं, त्यावरून.
त्या 'नको' भोवती तिने गोल काढला होता,
कॅलेंडरात सिलिंडरच्या तारखेला काढते तसा.
मुलीने नकार दिला म्हणून
त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

माझी पानं वेगळी.
हात फडफडवले: माहीत नाही.
खिडकीकडे पाहिलं: माहीत नाही.
जे छापलेलं नाही ते वाचायचं नाही,
आमच्या धंद्यातला पहिला नियम.

एका गुरुवारी केतकीला रजा मिळेना.
ऊर्मीला छापखान्यात आणलं.
खाली मशीन चालू होतं. ती डगमगत गेली,
कडेच्या पत्र्याला आधी तळवा लावला, मग गाल,
आणि अख्खा फर्मा संपेपर्यंत हलली नाही.
कागद संपला. मशीन थांबलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मशीनकडे.
पुन्हा माझ्याकडे.
मग लाळेने ओल्या बोटांनी माझं मनगट धरलं
आणि माझा हात, एखादी किल्ली आणावी तसा,
त्या पत्र्यावर नेऊन ठेवला.

"काय म्हणतीय?" सोपानने विचारलं.
"चालू कर म्हणतीय."
बोलून गेल्यावर ते मला ऐकू आलं.
"कागद नाही लावलेला."
"मोकळंच चालव."

सोपानने मोकळंच चालवलं,
मालक पेठेबाहेर गेलेले, वीजबिलाची पर्वा न करता.
ती हसली. हे हसणं यादीतलं नव्हतं.
कशावरून, ते त्या रकान्यात मावलं नाही.
संध्याकाळपर्यंत मी ते मनगट धुतलं नाही, एवढंच.

शुक्रवारी तिला मुद्दाम परत आणलं.
मशीन थांबलं.
मी हात पुढे करून उभा राहिलो, मूर्खासारखा.
ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

फोनवर नसीम मॅडम म्हणाल्या, "हेही लिहा."
लिहिलं: हात धरला नाही. पंख्याकडे पाहिलं.
तुम्हाला काय वाटलं,
इथे मी पेन्सिलीने हंसपद काढलं
आणि समास मोकळा सोडला.

ऊर्मी अजून वरच बघत होती.
मीही मान वर केली.
एक पातं किंचित वाकडं आहे,
प्रत्येक फेरीला त्याची सावली जरा उशिरा येते.
बावीस वर्षं मी त्याच पंख्याखाली बसतोय.